सगळे दोर हातात!

गेटवेसमोरच्या पाण्यात उभी असलेली एक बावीस फुटी शिडाची बोट. तिचा क्रू आता राहिलेला नाही आणि मालकांना सेलिंग काही सोडायचं नाही. मग करायचं काय? डोलकाठीपाशी बांधलेले सगळे दोर ओढून आणायचे थेट बसायच्या जागेपर्यंत! त्या खटाटोपाच्या निमित्ताने मुंबईच्या बंदरात घालवलेल्या काही शनिवारांची ही गोष्ट...

गेटवेला आपण कधी जातो? बाहेरगावचे पाहुणे आले की. एलिफंटाची ट्रिप ठरली की. किंवा अलिबागचा वीकेण्ड प्लॅन असतो आणि मांडव्याची बोट पकडायची असते म्हणून. फोटो काढायचा तर पाठ पाण्याकडे किंवा पाठ ताजकडे, एवढाच काय तो चॉइस. पाठ पाण्याकडे केलेल्या फोटोंमध्ये मागे बघा, फेरीबोटींच्या गर्दीपलीकडे काही बारीक उभ्या काठ्या दिसतात. शीड नसलेल्या, नुसत्याच डुलणाऱ्या. त्या असतात शिडाच्या बोटींच्या डोलकाठ्या. शहरातला माणूस त्यांच्याकडे कधी लक्ष देत नाही, कारण आठवडाभर त्या जागच्या हलतच नाहीत.

हलतात त्या शनिवार-रविवारी. तेही ऑक्टोबर ते मे या सीझनमध्येच. पावसाळ्यात बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ देतात आणि मासेमारी पुन्हा सुरू होते, पण हौशी मंडळींची लगबग सुरू होते ती पाऊस पूर्ण सरल्यावर.

बोटीवर जायचं म्हणजे आधी छोट्या होडीत बसायचं, कारण या बोटी धक्क्याला लागत नाहीत. मुंबई बंदरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरहून जास्त असतो. म्हणजे सकाळी जिथे पायरी होती तिथे दुपारी एका मजल्याएवढं पाणी! म्हणून बोटी थोड्या आत, तळाला पक्क्या केलेल्या साखळीला बांधून ठेवतात. एकदा त्या बोटीवर पाय ठेवला की शहर उलटं दिसायला लागतं. पश्चिमेला गेटवे आणि ताज, म्हणजे आपली रोजची मुंबई. उत्तरेला नौदल गोदीच्या क्रेन्स. पूर्वेकडे घारापुरीची हिरवी टेकडी आणि तिच्याजवळ जवाहर द्वीप, जिथे तेलाची मोठमोठी जहाजं लागतात. आग्नेयेला करंजा-उरणचा डोंगर. दक्षिणेला कुलाब्याचं टोक आणि त्याच्याही पुढे खडकावर एकटा उभा असलेला प्राँग्ज दीपस्तंभ, १८७५ सालचा.

हॉर्नचा आवाज असतो, पण तो फेरीबोटींचा. आणि मोबाइलला फुल रेंज असते. त्यामुळे बॉसचा फोन आला तर 'नेटवर्क नव्हतं' हे कारण इथे चालत नाही!

काका, मित्र आणि मधला दोर

बोटीच्या मालकांना सगळे 'काका' म्हणतात. वय साठीच्या पुढे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बोट त्यांनी एका कॉलेजच्या मित्राबरोबर भागीत घेतली होती. वीस वर्षांहून जास्त काळ दोघांची कामं ठरलेली. काका मागे बसून सुकाणू धरणार आणि मित्र पुढे डोलकाठीपाशी उभा राहून शीड चढवणार, उतरवणार. दोघांनी कधी जागा बदलल्या नाहीत. गेल्या वर्षी तो मित्र गेला.

बोट राहिली, काका राहिले. मधे मात्र अडीच मीटरचं अंतर पडलं. तसं बघायला गेलं तर अडीच मीटर म्हणजे किती? आपल्या ऑफिसमधल्या दोन क्यूबिकल्सएवढं. पण बावीस फुटांच्या बोटीवर ते अंतर फार मोठं असतं.

का, ते समजून घेण्यासाठी बोटीची रचना बघू. मधे उभी डोलकाठी. तिच्या मागे आडवा दांडा, त्याला बूम म्हणतात. डोलकाठी आणि बूम यांच्यामध्ये मोठं शीड, म्हणजे मेनसेल. डोलकाठीच्या पुढे छोटं तिकोनी शीड, म्हणजे जिब. आणि सगळ्यात मागे बसायचा खळगा, तो कॉकपिट. सुकाणूचा दांडा, म्हणजे टिलर, तिथेच असतो. शीड वर चढवणाऱ्या दोराला हॅलयार्ड म्हणतात, आणि शीड आत-बाहेर करणाऱ्या दोराला शीट. हो, शीट म्हणजे शीड नाही, दोर! नवख्या माणसाची पहिली दांडी इथेच उडते.

जुन्या पद्धतीच्या बोटीत शीट कॉकपिटमध्ये असतात, पण हॅलयार्ड डोलकाठीच्या बुडाशी बांधलेले असतात. म्हणजे शीड चढवायचं, उतरवायचं किंवा वारा वाढल्यावर लहान करायचं असेल, तर कुणाला तरी उठून पुढे जावं लागतं. दोघं असतील तर ठीक. एकटा माणूस असेल तर त्याने टिलर सोडायचा, फूटभर रुंदीच्या कडेवरून सरकत पुढे जायचं, एका हाताने डोलकाठीला धरायचं आणि दुसऱ्या हाताने दोर ओढायचा. तेवढ्यात टिलर मोकळा सुटलेली बोट स्वतःच्या मर्जीने वळते. शीड फडफडतं, बूम इकडून तिकडे झुलतो. आणि नेमकी त्याच वेळी एखादी फेरी शेजारून गेली, तर तिच्या लाटांनी पायाखालचं सगळं हलतं.

अशा वेळी माणूस पाण्यात पडला तर? बोट थांबत नाही. ती तशीच पुढे जात राहते. पोहणाऱ्या माणसाला ती गाठता येत नाही. एकट्याच्या सेलिंगमधली खरी भीती ही आहे, बुडण्याच्याही आधीची.

काकांच्या मुलीने म्हणून साफ सांगितलं, "बाबा, एकट्याने डोलकाठीपाशी जायचं नाही. नाहीतर बोट विकून टाका."

मग काकांनी तरुण क्रू जमवायचा प्रयत्न केला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. पहिल्या शनिवारी सहा जण आले, दुसऱ्या शनिवारी तीन. तिसऱ्या शनिवारी सकाळी साडेसहापासून मेसेज यायला लागले. कुणाचा क्लायण्ट कॉल, कुणाचं रिलीज, कुणाच्या चुलतभावाचा साखरपुडा. काका म्हणतात, "तुमचा काही दोष नाही. आम्हीही नोकऱ्या केल्या आहेत. पण वाऱ्याला कॅलेंडर इन्व्हाइट पाठवता येत नाही ना!"

तेव्हा उपाय एकच उरला. माणूस दोराकडे जाऊ शकत नसेल, तर दोराने माणसाकडे यायचं.

अडीच मीटरचा प्रवास

फंडा एकदम सिंपल वाटतो. डोलकाठीवरून खाली येणारा दोर बुडाशी एका कप्पीतून वळवायचा. मग केबिनच्या छतावर दुसऱ्या कप्पीतून त्याला थोडं बाजूला न्यायचं. तिथून सरळ मागे, कॉकपिटच्या तोंडाशी. तिथे एक खटका बसवायचा, त्याला क्लच म्हणतात. खटका दाबला की दोर घट्ट, उचलला की मोकळा. झालं! बसल्या जागेवरून शीड वर, बसल्या जागेवरून शीड खाली.

पण हे 'झालं' म्हणायला चार शनिवार लागले.

पहिला प्रश्न जोराचा. दोर सरळ असतो तोवर ताण फक्त दोरावर असतो. तो नव्वद अंशात वळवला की कप्पीवर त्या ताणाच्या जवळजवळ १.४ पट जोर येतो. एकशे ऐंशी अंशात वळवला तर दुप्पट. म्हणजे दोरात शंभर किलोचा ताण असेल, तर बुडाशी वळवणारी कप्पी एकशे चाळीस किलोने ओढली जाते. आणि हा जोर तिला डेकवरून उपटायला बघतो. म्हणून ती कप्पी नुसती डेकवर स्क्रू मारून बसवून चालत नाही. डोलकाठी ज्या लोखंडी पायावर उभी असते, त्या पायालाच ती अडकवायची.

दुसरा प्रश्न भोकांचा. फायबरच्या बोटीचं डेक वरून टणक दिसतं, पण अनेक बोटींमध्ये ते सँडविचसारखं असतं. वर फायबर, खाली फायबर आणि मधे बाल्सा नावाचं हलकं लाकूड. त्यात सरळ भोक पाडून बोल्ट मारला की काही महिन्यांत कडेने पाणी झिरपतं आणि आतलं लाकूड कुजायला लागतं. वरून काहीच कळत नाही. कळतं तेव्हा पाय ठेवल्यावर डेक बिस्किटासारखं दबतं! म्हणून आधी मोठं भोक पाडायचं, ते इपॉक्सीने भरायचं, ते वाळलं की त्याच्या मधोमध लहान भोक पाडायचं. मग बोल्टच्या भोवती फक्त इपॉक्सी, लाकडाशी संबंधच नाही. खालून धातूची पट्टी लावायची, म्हणजे जोर एका जागी न येता पसरतो.

एका शनिवारी आम्ही फक्त अकरा भोकं भरली. दुसरं काहीही नाही. दुपारी डबा खाताना काका म्हणाले, "लोकांना वाटतं सेलिंग म्हणजे पांढरी पॅण्ट आणि गॉगल. प्रत्यक्षात ते सुतारकाम असतं, आणि मधे मधे वारा खायला मिळतो."

तिसरा प्रश्न खुद्द दोराचा. दोर पाहायला आम्ही ससून डॉकच्या बाजूला आणि रे रोडच्या दारुखान्यात भटकलो. दारुखाना म्हणजे जहाजं तोडून निघालेल्या सामानाचा बाजार. कप्प्या, साखळ्या, नांगर, जहाजावरची घड्याळं, काय काय असतं तिथे! इंटीरियर डेकोरेशनची आवड असेल तर खिसा रिकामा होणार हे नक्की. तिथे दोर किलोवर मिळतो. काकांनी दोन हातांत धरून ताणून बघितला आणि परत ठेवला. नायलॉन ताणला जातो. नांगराला तो उत्तम, कारण झटका शोषून घेतो. पण हॅलयार्डला नायलॉन लावला तर वाऱ्याच्या झोतात दोर लांबतो आणि शीड सैल पडतं, तेही नेमकं ते घट्ट हवं असताना. तिथे कमी ताणणारा पॉलिस्टरचाच दोर लागतो. लांबीही वाढते. डोलकाठी आठ मीटरची असेल तर वर जाऊन खाली यायला सोळा, मागे यायला तीन आणि हातात धरायला एक-दीड. म्हणजे वीस मीटरचा दोर, एका शिडासाठी.

चौथा प्रश्न डोक्याचा. एकूण पाच दोर कॉकपिटमध्ये आले. सगळे पांढरे असते तर गोंधळच! म्हणून वेगवेगळ्या रंगांच्या धाग्यांचे घेतले. त्यांची जागाही विचार करून ठरवली. जे दोन दोर एकाच वेळी लागतात, एक सोडायला आणि एक ओढायला, ते एकाच बाजूला. मोठ्या शिडाचे उजवीकडे, छोट्याचे डावीकडे. खटक्यांवर काकांनी मार्करने मराठीत लिहिलं. 'मोठं वर', 'मोठं लहान', 'छोटं वर', 'छोटं खाली'. पाचवा दोर बूमला खाली ओढून धरणारा. त्यावर लिहिलं, 'दांडा'.

'छोटं खाली' हा सगळ्यात स्वस्त आणि मस्त प्रकार. जिब गुंडाळणारं फर्लर नावाचं यंत्र मिळतं. पण ते महाग, आणि काकांचं बजेट तेवढं नव्हतं. म्हणून एक बारीक दोर जिबच्या वरच्या टोकाला बांधला, तो खाली नाळेवरच्या छोट्या कप्पीतून घेतला आणि कडेने मागे आणला. चढवणारा दोर सोडायचा, हा ओढायचा. शीड मुकाट्याने खाली येतं आणि तिथेच पडून राहतं. यंत्र नाही, बिघाड नाही.

आणि 'मोठं लहान' म्हणजे रीफ. वारा वाढला की शिडाचा खालचा भाग दुमडून त्याचं क्षेत्रफळ कमी करायचं. पूर्वी यासाठी डोलकाठीपाशी उभं राहून दोन-तीन ठिकाणी बांधाबांध करावी लागे. आता एकच दोर कॉकपिटमधून निघतो, शिडाच्या पुढच्या कडेवरच्या कडीतून जातो, बूमच्या पोटातून मागे जातो, मागच्या कडेवरच्या कडीतून वळतो आणि बूमला बांधला जातो. एक दोर ओढला की शिडाची दोन्ही टोकं खाली.

'तांडेल' काय म्हणाले?

या सगळ्या उद्योगात एक माणूस शांतपणे विडी ओढत बघत होता. तो म्हणजे या बोटींची देखभाल करणारा, करंजाकडचा एक वयस्क नाखवा. काका त्यांना 'तांडेल' म्हणतात आणि ते काकांना 'शेठ'. त्यांचं लहानपण शिडाच्या मचव्यावर गेलं, इंजिनं सर्रास बसायच्या आधी.

"ताई, आमच्या वेळंला दोर मागं न्यायचा सवालच नव्हता," ते मला म्हणाले. "मानसं होती ना!"

मुद्दा बरोबर आहे. कोकणातल्या जुन्या गलबतांचं आणि मचव्यांचं शीड एका लांब, तिरक्या काठीला लावलेलं असे. वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला वळायचं तर ती अख्खी काठी डोलकाठीभोवती फिरवून पलीकडे न्यावी लागे. ते एकट्याचं काम नव्हेच. खलाशी हाताशी असत, म्हणून ती रचना तशी होती. दोर कुठे बांधायचा हे बोटीवर किती माणसं आहेत त्यावर ठरतं.

उलट टोकाचं उदाहरण इंग्लंडचं आहे. ब्लाँडी हॅसलर नावाचा मरीन्सचा निवृत्त अधिकारी. १९६० साली एकट्याने अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत झाली, ती त्याच्याच कल्पनेतून. त्याच्या 'जेस्टर' या २५ फुटी बोटीला त्याने चिनी जंक पद्धतीचं शीड लावलं. खिडकीच्या ब्लाइण्डसारखं, आडव्या पट्ट्यांचं. सगळे दोर बोटीच्या मधल्या एका गोल झरोक्यात आणले. त्या झरोक्यातून फक्त डोकं आणि हात बाहेर काढून तो शीड चढवू, उतरवू, लहान करू शकत होता. डेकवर पाय ठेवायची गरजच नाही! ती शर्यत फ्रान्सिस चिचेस्टरने ४० दिवसांत जिंकली. हॅसलर ४८ दिवसांत पोचला, दुसरा.

आणि एक उदाहरण अगदी आपल्या घरचं. एकट्याने, कुठेही न थांबता जगाला प्रदक्षिणा घालणारी पहिली बोट कुठे बांधली होती माहितीये? मुंबईत! रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची 'सुहैली'. ३२ फुटांची, सागवानी, १९६० च्या दशकात इथे बांधलेली. १४ जून १९६८ ला ती इंग्लंडहून निघाली आणि २२ एप्रिल १९६९ ला परत पोचली. नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले ते याच 'सुहैली'च्या प्रतिकृतीवर. तिचं नाव 'थुरिया', बांधणी गोव्यात. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला आणि तीन दिवसांनी त्यांची सुटका झाली. पुढच्या वेळी ते पुन्हा त्याच शर्यतीत गेले आणि २०२३ साली दुसरे आले.

काकांनी ही गोष्ट सांगितली ती हिरोगिरी म्हणून नाही. ते म्हणाले, "बघ, समुद्रात एकट्या माणसाचे दोन हात असतात. एक बोटीसाठी, एक स्वतःसाठी. दोर मागे आणले की स्वतःसाठीचा हात मोकळा राहतो, इतकंच. बाकी वादळ ते वादळच."

तांडेलांनी विडी विझवली आणि आपला निकाल दिला. "दोर मागं आले शेठ, पण नजर म्होरंच ठेवा."

वारा दहा, वारा चौदा

ट्रायलचा दिवस. शाळेत भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते, आठवतंय? पाच मार्कांचा प्रश्न! मुंबईच्या बंदरात तो प्रश्न रोज प्रत्यक्ष सुटतो. सकाळी जमिनीकडून येणारा हलका मतलई वारा. अकरा-बाराच्या सुमाराला तो पडतो आणि पाणी तेलासारखं होतं. मग दुपारी वायव्येकडून खारा वारा धरतो, आणि चारपर्यंत चांगला जोर घेतो.

गंमत अशी, की बंदर शहराच्या पूर्वेला आहे. म्हणजे समुद्रावरचा हा वारा अख्खी दक्षिण मुंबई ओलांडून आपल्यापर्यंत येतो. कुलाब्याच्या उंच इमारतींच्या आडोशाला तो तुटतो, आणि दोन इमारतींमधून एकदम झोत मारतो. धक्क्यापासून जरा दूर गेलं की तो सरळ होतो.

दोन वाजता निघालो. काका टिलरवर, मी शेजारी. मला ताकीद होती की हात लावायचा नाही, फक्त घड्याळ बघायचं. आउटबोर्ड इंजिनवर मोकळ्या पाण्यात आलो. काकांनी बोटीचं तोंड वाऱ्याकडे केलं आणि टिलरला लवचीक दोरी अडकवली, म्हणजे तो जागेवर राहतो. 'मोठं वर' ओढलं. शीड खडखडत चढलं. मग 'छोटं वर'. इंजिन बंद.

इंजिन बंद झाल्यावरची ती शांतता शब्दांत सांगणं अवघड आहे. बोट किंचित कलते आणि पाण्याचा आवाज सुरू होतो. वेग फार नसतो. एवढ्या बोटीने साडेपाच नॉट गाठले तरी डोक्यावरून पाणी, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. लिंक रोडवर संध्याकाळी सात वाजता असतो साधारण तेवढाच! पण इथे कुणी कट मारत नाही.

अर्थात, बघावं लागतंच. मोठ्या जहाजांच्या मार्गात शिडाच्या बोटीने आडवं यायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. कण्टेनरचं जहाज ब्रेक मारू शकत नाही. आणि या पाण्याला हलकं घेऊ नये हे मुंबईकरांना सांगायला नको. १८ डिसेंबर २०२४ ला याच बंदरात नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून 'नीलकमल' ही प्रवासी बोट उलटली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. काकांच्या बोटीवर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय चहासुद्धा मिळत नाही.

साडेतीनला दक्षिणेकडचं पाणी गडद दिसायला लागलं. वारा वाढला. इथे एक गणित लक्षात ठेवा. वारा दहा नॉटवरून चौदावर गेला की आकडा चारनेच वाढतो, पण शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. बोट कलली. कॉकपिटमधली पाण्याची बाटली या बाजूची त्या बाजूला गेली. परतीला वारा समोरून घ्यायचा होता.

"घड्याळ लाव," काका म्हणाले.

मोठ्या शिडाचा शीट सैल केला. 'मोठं वर'चा खटका उचलून दोर सोडला, त्यावर आधीच लाल धाग्याने केलेल्या खुणेपर्यंत. 'मोठं लहान' ओढला. अर्ध्यावर तो अडला. इतक्या वळणांमधून जाताना दोर घासतो, हा या पद्धतीचा मोठा तोटा. काकांनी तो विंचवर गुंडाळून हॅण्डल फिरवलं. शिडाची दोन्ही टोकं बूमवर बसली. वरचा दोर पुन्हा घट्ट, शीट पुन्हा आत. बोट सरळ झाली, आणि गंमत म्हणजे वेग फारसा कमी झालाच नाही.

दोन मिनिटं चाळीस सेकंद. काका जागेवरून उठले नव्हते.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग डोलकाठीकडे बघत म्हणाले, "तो असता तर म्हणाला असता, मी दीड मिनिटात करत होतो."

फायदे, तोटे आणि एक जुना खुंटा

प्रामाणिकपणे सांगायचं तर हा काही जादूचा उपाय नाही. दोर घासतो. कॉकपिटमध्ये नूडल्सचा ढीग झाल्यासारखे दोर पडतात, त्यांना पिशव्या शिवाव्या लागतात. मिठाने कप्प्या आखडतात, म्हणून दर वेळी गोड्या पाण्याने धुवायच्या. आणि एखादा दोर वर डोलकाठीतच अडकला, तर पुढे जावं लागणारच. त्यासाठी काकांनी कॉकपिटपासून नाळेपर्यंत डेकवर एक पट्टा टाकून घेतला आहे. कमरेचा हुक त्याला अडकवूनच पुढे जायचं. शिवाय काही नाविक म्हणतात, डोलकाठीपाशी उभं राहून दोर थेट ओढणं जास्त झटपट. तेही खरं आहे. हातपाय धड असतील आणि सोबत कुणी असेल तर.

दोर मागे आल्यावर डोलकाठीवरचा जुना खुंटा रिकामा झाला. मित्राचा दोर वीस वर्षं त्यालाच बांधलेला असायचा. मी विचारलं, हा काढायचा ना? काका म्हणाले, "असू दे. कधी मागचा खटका मोडला तर लागेल."

मार्चच्या पहिल्या शनिवारी काका एकटे निघाले. मुलीच्या अटीनुसार तांडेल मागून मोटरच्या होडीत, हाकेच्या अंतरावर. मी त्यांच्याबरोबर होते. काकांनी मोठं शीड चढवलं, मग छोटं, आणि करंजाच्या दिशेला वळले. अर्ध्या तासाने त्यांनी मागे वळून हाताने खूण केली, परत जा म्हणून. तांडेलांनी होडी थांबवली, पण वळवली नाही. तासभर आम्ही तिथेच उभे होतो, इंजिन बंद करून.

जायचंय? मग हे वाचा

सीझन : ऑक्टोबर ते मे. शिकायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, वारा बेताचा असतो.

कुठे : कुलाबा भागात सेलिंग क्लब आहेत. नवशिक्यांसाठी काही कोर्स चालू आहे का, याची सीझनच्या सुरुवातीलाच चौकशी करा. पोहता येणं हा बोनस नाही, गरज आहे.

काय घालाल : रबरी तळव्याचे बूट, फुल बाह्यांचा टीशर्ट, दोरी लावलेली टोपी. जीन्स नको, भिजली की जड होते. अंगठ्या आणि ब्रेसलेट घरी ठेवा, दोरात अडकतात.

काय विचाराल : बोटीवर चढल्या चढल्या तीन प्रश्न विचारा. लाइफ जॅकेट कुठे आहे? कुणी पाण्यात पडलं तर माझं काम काय? आणि शीड झटकन खाली आणायचं असेल तर कोणता दोर सोडायचा? तिसऱ्याचं उत्तर बसल्या जागेवरून हात लांबवून दाखवता आलं, तर बोट तुमच्या कामाची आहे.

आणि शेवटचं : एखाद्या काकांना क्रू म्हणून 'येतो' म्हणालात, तर जा. क्लायण्ट कॉल सोमवारीही होतो.